घाटमाथ्यावरचे थांबे

गावाची बैठक कोठे जमावी, हे कोणी ठरवून ठरत नाही. वाटसरूस जेथे नाइलाजाने थांबावे लागते, तेथे आधी पाण्याचा माठ येतो, मागून चहाची किटली येते आणि मग गप्पा सुरू होतात. लोणावळे-खंडाळ्याच्या कित्येक बैठकी अशा सक्तीच्या थांब्यांतून जन्मास आल्या आणि ती सक्ती सरताच मोडल्या.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. घाट चढून आलेल्या बैलांना दम खाऊ देणे गाडीवानास भाग होते. पुढे मोटारी आल्या; त्यांच्या तापलेल्या इंजिनांसही पाणी लागे. इंग्रजांस घाटाची वाट दाखविणारा धनगर म्हणून ज्याची आख्यायिका सांगतात, त्या शिंग्रोबाच्या देवळापाशी चालक नाणे वाहून पुढे जात. जुन्या रस्त्याने जाणारे आजही वाहतात.

१८६३ मध्ये आगगाडी घाट चढली. चढ सदतीस फुटांस एक फूट इतका खडा! खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. तेथे गाडी उभी करून इंजिन एका टोकाचे काढावयाचे, दुसऱ्या टोकास जोडावयाचे आणि उलट दिशेने उरलेला चढ चढावयाचा, असा प्रकार असे. तेवढ्या अवधीत समोरची दरी आणि नागफणीचा सुळका पाहण्यास उतारूंना सवड मिळे, आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थाशी दोन शब्द बोलणे ओघानेच येई. वर लोणावळ्याच्या फलाटावर इंजिन पाणी घेई आणि उतारू चहा घेत. रेल्वेच्या कामगारांत खपणारी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणीच पुढे चिक्की म्हणून नावारूपास आली, असे सांगतात.

१९२९ मध्ये नवा लोहमार्ग झाला आणि ते उलटफेरीचे स्टेशन सुटले. विजेची इंजिने आली. १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली. प्रवास सुखाचा झाला, यात शंका नाही. परंतु वेळ जसजसा वाचू लागला, तसतशी बोलण्याची सवड मात्र आटत गेली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर तर थांबणे हाच अपराध! त्या मार्गावर ज्याच्या खांबांनी वाहतुकीची कोंडी होई, तो इंग्रजी अमलातील अमृतांजन पूलही २०२० च्या एप्रिलात पाडण्यात आला.

ही झाली वाटसरूंची गोष्ट. मावळच्या शेतकऱ्याची बैठक मात्र रस्त्यावर नव्हे, गावच्या पारावर आणि आठवड्याच्या बाजारात भरे. कामशेतसारख्या बाजारात मीठमिरचीबरोबर सोयरिकी जुळत, भाताचा भाव कळे आणि दूरच्या खोऱ्यातील सुखदुःखाची वार्ताही पोहोचे. अशाच पारांसाठी आणि भातखाचरांसाठी १९२१ मध्ये शेजारच्या मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला आणि पांडुरंग महादेव बापट त्यांचे सेनापती झाले. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालेच, आणि पाण्याखाली केवळ जमीन गेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची एकत्र बसण्याची जागाही गेली.

पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊर येथे जमले. जेथे कोणी थांबू नये म्हणून रस्ता बांधला, त्याच द्रुतगती मार्गावर ते थांबले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. पार उरला नाही म्हणजे माणसांचे गाऱ्हाणे थांबत नाही. ते हमरस्त्यावर येते, आणि तेथे त्याची किंमत फार जबर असते.

मग मावळात टिकले काय? कार्ल्याच्या डोंगरावर, दोन हजार वर्षांच्या चैत्यगृहाशेजारी, चैत्रात एकवीरेची यात्रा भरते. कोकणातून कोळी बांधव पालख्या घेऊन येतात आणि डोंगर चढतात. त्यांना तेथे कोणी थांबवीत नाही. ते आपण होऊन थांबतात. सक्तीचे थांबे यंत्राबरोबर आले आणि यंत्राबरोबर गेले. स्वेच्छेचे थांबे मात्र माणसांच्या हाती आहेत. नव्या वसाहती वसविताना मोटारींसाठी जशी जागा राखतात, तशी एखाद्या वडाखाली चार माणसांना टेकण्यापुरती राखली, तर घाटमाथ्यावरच्या गप्पांस पुन्हा ठिकाण मिळेल.