डावा पाय

१९८९ सालचा नोव्हेंबर महिना. देवळीच्या शिवारात कापसाची वेचणी चालली होती आणि मी अब्बांचा ट्रान्झिस्टर कानाला लावून कराचीची बातमी ऐकत होतो. १५ तारखेला कसोटी सुरू झाली. भारताकडून दोन पोरं पहिल्यांदाच उतरली होती, सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि एकवीस वर्षांचा सलील अंकोला. खरं सांगतो, माझं लक्ष सचिनकडे नव्हतंच. अंकोला सोलापूरचा, माझ्याच वयाचा, आणि मुख्य म्हणजे वेगवान गोलंदाज. मीही तेव्हा गावच्या मैदानावर जोरात चेंडू टाकायचो. बी.ए.च्या पुस्तकांपेक्षा रन-अपची पावलं मोजण्यात माझा वेळ जास्त जाई.

त्याचं नाव आम्ही आधीच वाचलं होतं. १९८८-८९च्या हंगामात महाराष्ट्राकडून पहिल्याच सामन्यात, गुजरातविरुद्ध, त्यानं हॅट्‌ट्रिक घेतली. त्या हंगामात २७ बळी. आपल्या मुलखात असा गोलंदाज क्वचितच निघतो, आणि निघाला तरी त्याचं चीज होतंच असं नाही. पांडुरंग साळगावकरांना तर एकही कसोटी मिळाली नाही.

कराचीत अंकोलाला दोन बळी मिळाले. पुढची कसोटी मिळाली नाही. त्याच सामन्यात पाकिस्तानच्या वकार युनूसनंही पदार्पण केलं होतं. सचिन पुढे २०० कसोट्या खेळला, वकार ८७, अंकोला एक.

तरी गडी हटला नाही. मुंबईकडून खेळू लागला, भारताच्या एकदिवसीय संघात परतला, १९९६च्या विश्वचषक संघातही होता. २० सामने, १३ बळी. मग डाव्या नडगीच्या हाडात गाठ निघाली. उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना डाव्या पायावर आदळतो. धावत आलेल्या अंगाचं सगळं ओझं त्या एका पायावर येतं, प्रत्येक चेंडूला. दुखणं नेमकं तिथंच निघावं! १९९७ साली, वयाच्या २८व्या वर्षी, त्याला थांबावं लागलं.

नंतर तो मालिकांत दिसला, महेश मांजरेकरांच्या 'कुरुक्षेत्र'मध्ये दिसला. पानठेल्यावर लोक म्हणायचे, बघा, क्रिकेट सोडून नट झाला. मला राग यायचा. अरे, त्यानं सोडलं कुठं? ते सुटलं. माझा खांदा गेला तेव्हा मी कवितेच्या वहीकडे वळलो, पण माझं काय, मला देवळीबाहेर कुणी ओळखत नव्हतं. भारताची टोपी घातलेल्या माणसाचं काय झालं असेल? २०२३च्या जानेवारीत तो राष्ट्रीय निवड समितीवर आला, ती बातमी मी दोनदा वाचली.

परवा मैदानावर एक पोट्टा फार वेगानं चेंडू टाकत होता. त्याला थांबवून मी ही गोष्ट सांगितली.

"चाचा, कसोटीत विकेटा किती घेतल्या त्यानं?"

"दोन."

"बस्?" म्हणत तो हसला आणि पुन्हा रन-अपच्या खुणेकडे निघाला.

मी मागून ओरडलो, "डावा पाय सांभाळून टाक रे!"