तुटीच्या काळातील न्याय्य वाटणी



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील यंत्रे थंडावली. विक्री थांबली की वस्तू व सेवा कर थांबतो. खरेदीखते थांबली की मुद्रांक शुल्क आटते. वाहने उभी राहिली की इंधनावरील कर घटतो. राज्याची मिळकत अशी चोहोबाजूंनी खालावत असताना रुग्णालये, शिधावाटप व निवारा यांवरील खर्च मात्र वाढत होता. साहजिकच प्रश्न पुढे आला: कात्री वेतनाला लावावयाची की लोककल्याणाला?

महाराष्ट्र शासनाने प्रथम वेतनकपात जाहीर केली. मात्र लगेचच ती कपात नसून मार्चचे वेतन दोन टप्प्यांत मिळेल, असे स्पष्ट केले. पहिल्या टप्प्यात अ व ब वर्गाला ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के आणि ड वर्गाला पूर्ण वेतन, असा क्रम ठरला. आमदारांचे वेतन एप्रिलपासून वर्षभर ३० टक्क्यांनी कमी करण्यात आले. ४ मेच्या आदेशाने योजनांवरील खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित झाला. आरोग्य, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन यांना अग्रक्रम मिळाला. शिवभोजन थाळी तर दहा रुपयांऐवजी पाच रुपयांना देण्यात आली.

या क्रमावर मतभेद झाले, आणि ते होणे योग्यच होते. वेतन ही कृपा नव्हे, केलेल्या कामाचा मोबदला होय. रुग्णसेवेत रात्र काढणाऱ्या परिचारिकेच्या घरकर्जाचा हप्ता टाळेबंदीमुळे थांबत नाही. दुसऱ्या बाजूस, ज्याला वेतनच नाही त्याच्यासाठी कपात हा शब्दही निरर्थक ठरतो. १ मे २०२० रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापनेस साठ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, नाशिक रोड स्थानकावरून भोपाळकडे निघालेल्या श्रमिक गाडीत असेच रोजंदारीवरचे लोक होते.

या दोन्ही बाजू परस्परांच्या शत्रू आहेत काय? महाराष्ट्राचा पूर्वानुभव तसे सांगत नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आकारास आली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या व व्यावसायिकाच्या खिशातून दरमहा थोडी रक्कम जमा व्हावी, शासनाने तितकीच भर घालावी आणि त्यातून ग्रामीण मजुराच्या हाताला काम मिळावे, अशी ती व्यवस्था होती. १९७७ च्या कायद्याने या कामाला हक्काचे स्वरूप आले. पुढे २००५ साली देशाने तसाच कायदा केला. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागातील कुटुंबाला या हमीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

त्याच १९७७ च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांनी महागाई भत्त्यासाठी संप पुकारला आणि तो ५४ दिवस चालला. म्हणजे जो नोकरदार मजुरासाठी कर भरत होता, तोच आपल्या न्याय्य वेतनासाठी झगडतही होता. यात विसंगती नाही. नोकरदार ठरलेल्या नियमाने वाटा देतो. आपले वेतन मनमानीने अडविले जाणे मात्र त्याला मान्य नसते.

हा भेद न्यायालयानेही जपला. आंध्र प्रदेशात रोखून ठेवलेले वेतन व निवृत्तिवेतन ६ टक्के व्याजासह द्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तिजोरीची अडचण खरी असली, तरी तेवढ्याने हक्क संपत नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून पुढे कधी असा प्रसंग आला, तर भार वरच्या वेतनापासून सुरू व्हावा. त्याची मुदत आधीच लिहिली जावी. रोखलेली रक्कम कधी परत मिळणार हे सांगितले जावे. आणि वाचलेला पैसा कोठे खर्ची पडला याचा हिशेब लोकांपुढे ठेवला जावा. वेतन आणि कल्याण ही दोन्ही शासनाने दिलेली वचने आहेत. एक मोडून दुसरे पाळल्याचे समाधान कोणत्याही शासनाने मानू नये.