भूमी तेवढीच, वाटे दुप्पट



भूमीला आपण माता म्हणतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तिचीच वाटणी करतो. १९५०-५१ मध्ये देशात निव्वळ पेरणीखालील क्षेत्र सुमारे ११.९ कोटी हेक्टर होते. पडीत रान मोडून, तराईतील जंगल तोडून ते १९७०-७१ पर्यंत सुमारे १४ कोटींवर पोहोचले. त्यानंतर अर्धशतक उलटले, तरी आकडा जवळजवळ तोच आहे. लोकसंख्या मात्र १९५१ मधील ३६ कोटींवरून २०११ मध्ये १२१ कोटी झाली. एवढ्या मुखी घास पडला तो सिंचन, सुधारित बियाणे आणि दुबार पिके यांमुळे.

पण शेतकऱ्याच्या वाट्याचे काय? कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टर उरले. खातीही सात कोटींवरून साडेचौदा कोटींवर गेली. अशा तुकड्यावर ना विहीर परवडते, ना बैलजोडी.

एकूण बेरजेत आणखी एक गोष्ट दडते. शहरालगतची कसदार, ओलिताची जमीन बिगरशेती होते आणि दूर कुठे मुरमाड माळ नांगराखाली येतो. कागदावर क्षेत्र तेवढेच दिसते. वीतभर सुपीक माती घडायला शतके लागतात, ती गाडायला एक दिवस पुरतो.

म्हणून विनंती एवढीच : सातबाऱ्यावर नावे वेगळी लागोत, विहीर, अवजारे आणि कसणे सामाईक राहू द्या. आणि गुंठा विकण्यापूर्वी घरातील लहानग्यांकडे एकवार पाहा.