उंची मोटारीला टायर कोणते?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. उंची मोटारीला नवे टायर कोणते घालावे, हा प्रश्न ज्यांच्या दारात तशी मोटार उभी आहे त्यांचा. उरलेल्यांनी त्यासाठी संध्याकाळ का खर्चावी? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो.

समजा, दोन मोटारी ताशी १०० किलोमीटर वेगाने शेजारीशेजारी चालल्या आहेत. रस्ता ओला आहे. समोर माणूस आडवा येतो आणि दोघेही चालक एकाच क्षणी ब्रेक दाबतात. पहिल्या गाडीच्या टायरची रस्त्यावरची पकड जितकी आहे, तिच्या तीन-चतुर्थांश पकड दुसरीची आहे, एवढाच काय तो फरक. पहिली गाडी साधारण ४९ मीटरवर थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग किती उरला असेल? पुष्कळांना वाटेल, वीस-पंचवीस. हिशेब मात्र सांगतो, ताशी ५० किलोमीटर! कारण गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तीन-चतुर्थांश ऊर्जा खर्च झाली तरी उरलेल्या एक-चतुर्थांशात निम्मा वेग शिल्लक असतो. दुसरी गाडी थांबायला आणखी सोळा मीटर हवेत, आणि आडवा आलेला माणूस त्या सोळा मीटरांत उभा आहे. टायर विकत घेणारा गाडीत बसलेला असतो. त्याच्या निवडीचे फळ कित्येकदा पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून हा विषय दोघांचाही आहे.

दुसरेही एक कारण आहे. मर्सिडीज चाकणला आणि ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडली जाते. या गाड्या आपल्याला आता परक्या राहिलेल्या नाहीत. पाच-सहा वर्षे वापरलेली अशी गाडी घेण्याचा मोह मध्यमवर्गीय कुटुंबालाही होतो. गाडी अर्ध्या किमतीत मिळते. तिचे टायर मात्र अर्ध्या किमतीत मिळत नाहीत. मग पहिली काटकसर सुरू होते ती तिथे.

आता मूळ गोष्ट पाहू. सोळाशे किलो वजनाची गाडी चार चाकांवर उभी असते, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे चारशे किलो. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल तर प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो सुमारे १८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पंजाएवढा. चारही मिळून एका फुलस्केप कागदाएवढी जागा होते. इंजिनाची अश्वशक्ती, ब्रेकची ताकद, गाडी सावरणारी विद्युत यंत्रणा, या सर्वांना जे काही करायचे ते या फुलस्केप कागदातून करायचे असते. गाडीची किंमत साठ लाख असो की सहा लाख, जमिनीशी तिचे नाते एवढेच.

टायरच्या कडेवर काय लिहिलेले असते ते वाचायला शिकले पाहिजे. २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू हा अशा पुष्कळ गाड्यांचा परिचित आकार घ्या. २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, अर्थात सुमारे १०१ मिलिमीटर. आर हे अक्षर रेडियल बांधणीचे. मिशेलिन कंपनीने १९४६ साली पेटंट घेतले ती ही बांधणी. १७ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा आकडा. तो ६१५ किलोंचा निदर्शक आहे. आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग.

इथे व्यवहारी गृहस्थ विचारतो, "आमच्या रस्त्यावर २७० ने कोण जाणार? समृद्धी महामार्गावरदेखील मर्यादा १२० ची. मग कमी वेगाचा, स्वस्त टायर का घेऊ नये?" प्रश्न चुकीचा नाही, पण वेगाचे अक्षर एका अर्थी उष्णता सोसण्याचेही अक्षर आहे. ताशी १२० वेगाने हा टायर सेकंदाला सोळा-सतरा फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची कड एकदा दबून पुन्हा उभी राहते. हवा कमी असली तर ती अधिक दबते, अधिक तापते. त्यात वैशाखातले विदर्भातले ऊन, भरलेली गाडी आणि तासन् तास न थांबता कापलेला सरळ रस्ता मिळवा. मग त्या २७० मधला पुष्कळसा राखीव भाग कशासाठी ठेवलेला असतो ते कळते. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन खात्याला वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली, ती उगाच नव्हे. तेव्हा गाडीच्या पुस्तकात जे किमान अक्षर आणि भाराचा जो किमान आकडा दिला असेल, त्याखाली उतरू नये.

आता निवडीचा खरा पेच. चपळ आणि उंची गाडीचा मालक टायरकडून पाच गोष्टी मागतो: ओल्यात पकड, कोरड्यात पकड, मऊ बसकण, शांतता आणि दीर्घ आयुष्य. पाचही गोष्टी पुरेपूर देणारा टायर अजून कोणी बनवलेला नाही. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. कडक रबर पुष्कळ किलोमीटर टिकते, पण बहुधा पकड सोडते. कार्बनच्या काजळीऐवजी सिलिका घालण्याची रीत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाल्यापासून ही तडजोड पुष्कळ सौम्य झाली आहे, संपलेली नाही. म्हणून दुकानात शिरण्यापूर्वी आपण काय सोडायला तयार आहोत हे ठरवावे लागते. आमचा क्रम असा: आधी दिखावा सोडावा, मग आयुष्याचे काही हजार किलोमीटर, मग थोडी शांतता. ओल्यातली पकड मात्र सोडू नये.

दिखाव्याचे उदाहरण म्हणजे मोठा रिम. दुकानदार सांगतो, "साहेब, या गाडीला अठराचाच रिम शोभतो." २२५/४०, रिम अठरा, असा टायर घातला तर एकूण व्यास जवळजवळ तितकाच राहतो, पण कडेची उंची १०१ वरून ९० मिलिमीटरवर येते. वळणावर गाडी किंचित तडफदार होईल, हे खरे. परंतु आपल्या गावचे खड्डे त्या अकरा मिलिमीटरांची किंमत वसूल करतात. धारदार खड्ड्यात कड रिम आणि रस्ता यांच्या मध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. ज्याला रोज नगरपालिकेच्या रस्त्यावरून जायचे आहे त्याने कारखान्याने दिलेला लहान रिमच धरून राहावे.

नावांचाही घोटाळा होतो. 'समर टायर' हा शब्द ऐकून आपला माणूस समजतो की हा उन्हाळ्याचा, पावसाचा नव्हे. ही नावे बर्फाच्या देशांतली आहेत. तिथला समर टायर म्हणजे साधारण सात अंशांवरच्या तापमानासाठी केलेले रबर. आणि आपल्याकडचा पाऊस तर पंचवीस अंशांत पडतो. चांगला समर टायर हाच आपला पावसाळी टायर होय. 'ऑल सीझन' टायर थोड्याफार बर्फाचीही सोय बघतो. सह्याद्रीत त्या सोयीचा उपयोग नाही. ओल्यातली पकड जाणून घेण्याचा एक मार्ग आहे. युरोपात १ मे २०२१ पासून लागू झालेल्या नव्या पत्रकावर प्रत्येक टायरला ओल्यातल्या पकडीसाठी ए ते ई अशी श्रेणी छापावी लागते. तोच टायर इथे मिळत असेल तर ती श्रेणी पाहावी. मात्र तेच नाव इथल्या कारखान्यातल्या निराळ्या टायरलाही असू शकते, हे ध्यानात ठेवून आकारासकट ताडून घ्यावे.

पुष्कळ बीएमडब्ल्यू गाड्यांना 'रन-फ्लॅट' टायर येतात. पंक्चर झाल्यावरही ते ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जातात. त्यांची कड जाड असल्याने बसकण कडक होते, म्हणून मालक ते काढून साधे टायर घालू पाहतात. हरकत नाही, पण अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते, हे घरी आल्यावर आठवून उपयोग नाही. रात्री दोन वाजता घाटात उभे राहण्याची तयारी नसेल तर हवा भरण्याचा पंप आणि पंक्चरचे सामान आधी घ्यावे. कडेवर तारा असेल तर तो टायर बीएमडब्ल्यूसाठी, एमओ मर्सिडीजसाठी आणि एओ ऑडीसाठी जुळवलेला असतो. ती खूण असणे बरे, अटळ नव्हे. चारही टायर एकाच जातीचे असणे हे अधिक महत्त्वाचे.

आणि दोनच घेण्याइतके पैसे असतील तर? आपल्याकडे नवे पुढे, जुने मागे अशी सर्रास पद्धत आहे. पाण्यात मात्र उलट करावे लागते. पुढची चाके पाण्यावर तरंगली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की सामान्य चालकही सावरतो. मागची तरंगली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिला सावरणे कसलेल्या हातालाही कठीण जाते. म्हणून नवी जोडी मागे. अर्थात मागचे टायर अधिक रुंद असतील तर अदलाबदल करता येत नाही. तिथे ज्या जोडीची पाळी तीच बदलावी.

आता वयाचा प्रश्न. उंची गाडी पुष्कळदा आठवड्यातून एकदा निघते. तिच्या टायरची नक्षी खोल दिसते आणि मालक समाधानी असतो. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. ते कडक होते, भेगाळते. कडेवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासावा आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढावा, असे नामवंत उत्पादकच सांगतात. नवा घेतानाही तारीख वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. झिजेची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटरची. नव्या टायरची खाच सुमारे आठ मिलिमीटर असते, आणि पाणी बाहेर फेकण्याचे काम तीच करते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटर उरले असतील तर गोटा होण्याची वाट पाहू नये.

शेवटी हवा. सर्वांत उत्तम टायरही कमी हवेत वाया जातो. गाडीच्या दारावर लिहिलेला आकडा गार टायरसाठी असतो. तो पंधरवड्यातून एकदा तपासावा. नायट्रोजनचा आग्रह धरणाऱ्यांना इतकेच सांगतो की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आकडा पाहणे महत्त्वाचे.

श्रोतेहो, ज्याने साठ लाखांची गाडी घेतली त्याला वेगाचा शौक असावा, याविषयी आमची तक्रार नाही. मात्र त्या वेगाला आवरणारा फुलस्केप कागद त्याने स्वतः वाचून, पारखून निवडावा, एवढी अपेक्षा शहराने त्याच्याकडून करावी. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी घरी जाताना गल्लीतल्या कोणत्याही गाडीपाशी क्षणभर वाकावे आणि कडेवरचे ते चार आकडे वाचावेत. शेजाऱ्याचा टायर दहा वर्षांचा झाला असेल तर त्याला तसे सांगण्यात संकोच नको. त्या रस्त्यावरून उद्या आपलीच मुले शाळेला जाणार आहेत.