चपलेची नोंद झाली, नावाच्या पट्टीची नाही
(गागोदे बुद्रुक येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आया-मावश्यांनो,

मला इथं बोलायला बोलावलं तेव्हा पहिल्यांदा मी नाहीच म्हटलं. छत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, पण तिथं भाषण करायचं नसतं, ऐकायचं असतं. १९८८ साली शिपाई म्हणून लागले आणि २०२४ साली सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. आता अंगावर वर्दी नाही, तेव्हा मोकळेपणी बोलते. आणि बोलणार आहे ते वर्दीबद्दलच.

हे गाव विनोबांचं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म इथं झाला. पुढं हा माणूस भूदानासाठी वर्षानुवर्षं देशभर पायी फिरला. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढं बंदुका आणून ठेवल्या. त्यांच्या अंगावर ना वर्दी होती, ना कमरेला पट्टा. मग आम्हा पोलिसांनाच वर्दी का लागते? मी पुष्कळ वर्षं यावर विचार केला. विनोबांना लोक त्यांच्या नावानं ओळखत होते. आमचं तसं नाही. शिपायाला कोण ओळखतं? त्याला अधिकार कायद्यानं दिलेला असतो, आणि तो कायद्याचा माणूस आहे हे लोकांना कळावं म्हणून वर्दी असते. म्हणजे वर्दी खरी घालणाऱ्यासाठी नाही, समोरच्यासाठी आहे. हे मला कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. एका चपलेमुळं ते मला समजलं.

ती गोष्ट सांगते, पण आधी थोडं मागचं. मी लागले तेव्हा आम्हा बायकांना परेडला शर्ट-पँट आणि ठाण्यात खाकी साडी. साडीला पिना लावून लावून बोटं सोलायची. चोर पळाला तर नेसूचं सावरायचं की त्याच्या मागं धावायचं? बूट मिळाले ते मापाचे नव्हते. पुढं कापूस कोंबून घालत होते. आपल्या कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. दिवसभर ओल्या बुटात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री घरी आल्यावर तेल-हळद लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच ओल्या बुटात पाय घालायचे.

गणपतीत हायवेवर बंदोबस्त लागायचा. वडखळ नाक्यावर गाड्यांच्या रांगा, मुंबईची माणसं कोकणात निघालेली, आणि आम्ही बारा-बारा तास रस्त्यावर. पुरुष शिपाई झाडाआड जाऊन येत. आम्ही काय करायचं? सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा आमचा उपाय. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. कमरेला घट्ट पट्टा, आत कापडं, वर ऊन. आमच्यापैकी कितीजणींना लघवीची दुखणी लागली, कोणी मोजली नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांना बाराऐवजी आठ तासांची ड्यूटी द्यावी असा आदेश प्रायोगिक म्हणून काढला, तेव्हा मी पेपर घेऊन घरात मोठ्यानं वाचून दाखवला. आदेश निघणं आणि तो रस्त्यावर उतरणं यात अंतर असतं, हे खरं. पण निदान बाईच्या शरीराचा विचार कागदावर आला.

आता चपलेची गोष्ट. १९९३ साल. मला सातवा महिना होता. पाय इतके सुजले की बूट चढेना. मी ठाण्यात टेबलावर लिहायचं काम करत होते, म्हणून साध्या चपला घालून गेले. साहेब फिरतीवर आले. त्यांची नजर पोटावर गेली नाही, थेट पायावर गेली. 'ड्यूटीवर चप्पल?' माझा कसुरी रिपोर्ट झाला. मी गप्प राहिले. सही केली.

पण सही करताना मान वर केली, तर समोर आमच्या ठाण्यातला एक पुरुष शिपाई उभा होता. बूट चकचकीत. पट्ट्याचं पितळ घासलेलं. आणि छातीवर नावाची पट्टी नाही, बक्कल नंबरही दिसत नाही. आदल्याच दिवशी त्यानं एका भाजीवालीची टोपली लाथेनं उडवली होती. ती बाई तक्रार द्यायला आली, तर तिला विचारलं गेलं, 'नाव काय त्याचं? नंबर काय?' तिला सांगता येईना. ती निघून गेली. साहेबांना त्याची पट्टी दिसली नाही, माझी चपल दिसली.

मैत्रिणींनो, शिस्त कुठं बघते, ते बघा. खात्याला बुटाची चमक हवी असते, कारण ती खात्याच्या रुबाबासाठी असते. नावाची पट्टी मात्र तुमच्यासाठी असते, म्हणून तिच्याकडं कानाडोळा होतो. पुरुषी शिस्त म्हणतात ती हीच. बाईच्या सुजलेल्या पायाची कसूर, आणि पुरुषाच्या लपवलेल्या नावाला माफी.

कोणी म्हणेल, वर्दीचे नियम म्हणजे ठरलेले, ते कसे बदलणार? अहो, बदलतात. जुन्या लोकांना आठवत असेल, आपल्याकडं शिपाई अर्ध्या चड्डीत असायचा. आपल्याच जिल्ह्यातले बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ मध्ये मुख्यमंत्री होते, तेव्हा शिपायांना फुल पँट मिळाली. पुरुषाच्या उघड्या पायांची लाज सरकारला समजली. बाईच्या अडचणी समजायला मात्र वेळ लागला. शेजारच्या कर्नाटकात २०१८ साली महिला पोलिसांनी ड्यूटीवर साडीऐवजी शर्ट-पँटच घालावी असा आदेश निघाला, कारण साडीत धावपळ होत नाही. मला विचाराल तर पँट चांगलीच. पण सातव्या महिन्यात कमरेचा पट्टा आवळायला लावणं हाही जुलूमच. साडी की पँट हा वाद नाही. काम काय आहे, शरीराची अवस्था काय आहे, हे त्या बाईला विचारा, एवढंच म्हणणं आहे.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या गावागावातल्या मुली पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीची तयारी करताना दिसतात. कोणी भावाचे बूट घालून, कोणी अनवाणी. १९९४ च्या महिला धोरणापासून सरकारी नोकरीत आपल्याला तीस टक्के जागा आहेत. २०२४ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकपदी पहिल्यांदा बाई बसली. मुलींनी खुशाल जावं. पण वर्दी अंगावर चढली की आपण बाई आहोत हे विसरू नये, आणि समोर उभी असलेली बाईही विसरू नये.

कारण समोरच्या बाईला खाकी कशी दिसते? १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर वर्दीतल्या शिपायांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये त्यांना सोडलं. म्हणे तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत. रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या आत, खाकीसमोर एक मजूर पोरगी कसला प्रतिकार करणार? त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्या इथल्या वाड्यांवरच्या कातकरी बायांना विचारा. इंग्रजांनी त्यांच्या जमातीला गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली, पण खाकी दिसली की अजून पोरं घरात पळतात. ती भीती त्यांच्या रक्तातली नाही, आमच्या वागण्यातून आलेली आहे.

एक गोष्ट माझ्या हातून घडलेली सांगते. १९९९ च्या सुमाराला एका लहान मुलीचा जबाब घ्यायला मी तिच्या घरी गेले. पूर्ण वर्दीत. आणि बुटासकट आत गेले, कारण बूट काढायचे म्हणजे पाच मिनिटं आणि मला घाई होती. मुलगी पोटमाळ्यावर जाऊन बसली, ती खाली येईचना. तिच्यावर हात टाकणारा माणूसही बुटातलाच होता, हे मला मागून कळलं. त्या दिवशी कोऱ्या कागदानिशी परत आले. दुसऱ्या दिवशी साधी साडी नेसून गेले, चपला बाहेर काढल्या, तिच्या आईशेजारी बसून वालाच्या शेंगा सोलू लागले. तासाभरानं पोरगी खाली आली, माझ्या शेजारी बसून शेंगा सोलू लागली, आणि मान खाली घालून सगळं बोलली. आदल्या दिवशी मी बूट घालून तिच्या घरात शिरले, याची मला आजही शरम वाटते.

आता हे माझ्या शहाणपणावर राहिलेलं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथं घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं किंवा तिच्या वरच्या दर्जाच्या बाईनं घ्यायचा, आणि त्या वेळी वर्दी अंगावर असता कामा नये. वर्दी कधी काढायची हेसुद्धा कायद्यात लिहिलेलं आहे, बायांनो!

आणि कधी नाव दाखवायचं हेही लिहिलेलं आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. नाव दिसण्याची ही अट २०१० पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३६ मध्ये आहे.

तेव्हा इथून जाताना चार गोष्टी गाठीला बांधून न्या.

दारात पोलीस आला तर आधी त्याच्या छातीकडं बघा. नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला हाक मारा, तिला वाचायला सांगा, मोठ्यानं. साध्या कपड्यात आला तर ओळखपत्र मागा. 'आम्ही पोलीस आहोत, पुढं चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा' म्हणणारे भामटे असतात. खरा पोलीस कुणाचे दागिने काढायला सांगत नाही.

बाईला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. तिच्या राहत्या ठिकाणी येऊन तो घ्यायचा. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलिसानं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. बाईची झडती बाईनंच घ्यायची. आणि अत्याचाराची तक्रार महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची.

तुमच्या तक्रारीत नेहमी नाव किंवा बक्कल नंबर लिहा. पट्टी नव्हती, तर 'नावाची पट्टी नव्हती' हेच लिहा. तीही तक्रारच आहे.

आणि चौथी गोष्ट. ठाण्यात महिला शिपाई दिसली तर तिलाही विचारा, 'बाई, पाणी प्यालीस का? इथं संडास आहे का?' तिच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. ती चुकली तर तिचंही नाव लिहा. पण महिला मंडळ तालुक्याला निवेदन घेऊन जाईल तेव्हा त्यात बंदोबस्ताच्या जागी बायकांसाठी संडास, मापाचे बूट आणि गरोदरपणात सैल वर्दी एवढ्या तीन मागण्या जोडा. ती स्वतः मागू शकत नाही. मी मागितलं नाही, मी सही केली होती.

माझा तो कसुरी रिपोर्ट कुठल्या तरी फायलीत अजून असेल. त्या भाजीवालीची तक्रार मात्र कुठंच नाही, कारण ती लिहिलीच गेली नाही. यापुढं ती लिहिली जावी, एवढ्यासाठी मी आज इथं आले. तुम्ही ऐकून घेतलंत, माझं मन हलकं झालं.