ऑन-कॉलची रात्र आणि सकाळची शुगर

आजचा एपिसोड जरा पर्सनल आहे, कारण तो माझ्याच ब्लड रिपोर्टपासून सुरू होतो.

मी येरवड्यातल्या एका आयटी पार्कमध्ये काम करतो. वय 28, वजन 64 किलो, गोडाची आवड नाही. ऑफिसचं हेल्थ चेकअप नेमकं माझ्या ऑन-कॉलच्या आठवड्यात आलं. सलग चार रात्री फोन वाजला होता. शेवटच्या रात्री अडीचला सर्व्हर पडला, साडेपाचला उभा राहिला आणि आठला मी रक्त देऊन आलो. उपाशीपोटीची शुगर 107. ती 100 च्या आत हवी. बाबांना पंचेचाळिशीत डायबेटिस निघाला होता, त्यामुळे आकडा बघून पोटात गोळाच आला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "या आठवड्यात झोपलात किती?" मला वाटलं, हे विषय बदलतायत. तसं नव्हतं.

आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. तिथून दोन महत्त्वाची हार्मोन्स येतात. ॲड्रेनलिन काही सेकंदांत धावून येतं: छातीत धडधड, यकृतातून साखर रक्तात, आणि स्वादुपिंडाला निरोप की इन्सुलिन आवर. कॉर्टिसॉल सावकाश येतं आणि तासन् तास टिकतं. ते यकृताला नवी साखर बनवायला लावतं आणि स्नायूंना सांगतं, इन्सुलिनने दार वाजवलं तरी लगेच उघडू नका. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्ट येते, पण सर्व्हर थ्रॉटल करतो.

हे खोटं वाटत असेल तर 2021 आठवा. कोविडमध्ये स्टेरॉइड दिलेल्या कितीतरी लोकांची शुगर अचानक वाढली, त्यातल्या काहींना आधी डायबेटिस नव्हताच. ती औषधं म्हणजे कॉर्टिसॉलचीच तगडी भावंडं.

पण शरीर हा उद्योग करतं कशाला? याचं उत्तर मला ऑफिसच्या वाटेवर मिळालं. मी रोज येरवडा कारागृहावरून जातो. 20 सप्टेंबर 1932 ला गांधीजींनी तिथे उपोषण सुरू केलं, 26 तारखेला सोडलं. त्यामागचं राजकारण, पुणे करार, हा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे, आणि त्यावर भांडायला मला वेळ लागेल. आत्ता फक्त उपाशी शरीराकडे बघू. साधारण दिवसभरात यकृतातला साखरेचा साठा संपत येतो. मेंदूला तर साखर हवीच. मग ग्लुकागॉन आणि कॉर्टिसॉल कामाला लागतात, स्नायू चरबीवर भागवतात आणि साखर मेंदूसाठी सोडतात. म्हणून चांगल्या निरोगी माणसालाही काही दिवसांच्या उपासानंतर ग्लुकोज पाजलं, तर त्याची शुगर डायबेटिसवाल्यासारखी चढते. इन्सुलिनचं न ऐकणं हा तिथे बिघाड नसतो. तो शरीराने घातलेला रेशनिंगचा नियम असतो.

माझ्या बाबतीत मात्र दुष्काळ कुठे होता? समोर लॅपटॉप होता आणि बाजूला वडापाव.

1999 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या कारिन स्पीगल, एव्ह व्हॅन कॉटर आणि सहकाऱ्यांनी 11 निरोगी तरुणांना सलग 6 रात्री फक्त 4-4 तास झोपू दिलं. नंतर भरपूर झोप देऊन तुलना केली. कमी झोपेच्या दिवसांत रक्तातली साखर हटायचा वेग सुमारे 40 टक्क्यांनी कमी होता आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढलेलं होतं. खरं तर ते रात्रीपर्यंत उतरायला हवं, पहाटे पुन्हा चढायला. सगळा दोष एकट्या कॉर्टिसॉलचा नाही, पण त्याचा हात आहे.

आता "मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्यांसाठी. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे मुळातच इन्सुलिनला ऐकू घालणं अवघड, त्यात वरून जागरणाचं कॉर्टिसॉल.

मी काय केलं? पंधरा दिवस रोज सात तास झोपलो आणि मग पुन्हा टेस्ट केली. 95 आली. एका आकड्याने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं, म्हणून तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी पुढच्या महिन्यात करतोय. मॅनेजरशी बोललो. आता ऑन-कॉल सलग आठवडाभर नसून दोन-दोन रात्रींचा आहे, आणि रात्र जागली की दुसऱ्या दिवशी उशिरा लॉगिन. टीममधल्या दोघांनी हळूच येऊन सांगितलं, त्यांचेही रिपोर्ट असेच होते. कोणी बोललंच नव्हतं.