हँगरातील विमान



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि एका इंजिनाचे छोटे विमान बाळगण्याचा खर्चिक नाद जडलेल्या मराठी मंडळींच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल शिरस्त्याप्रमाणे आणि मनापासून मी आपला ऋणी आहे; परंतु अध्यक्षाने अशा प्रसंगी आकाशाच्या निळाईचे आणि उड्डाणाच्या आनंदाचे वर्णन करावे ही जी अपेक्षा असते, ती पुरी करण्याचा माझा मानस नाही, कारण त्या विषयावर आपल्यापैकी प्रत्येकजण चहाच्या वेळी माझ्याहून अधिक रंगून बोलेल. वर्षाच्या 8,760 तासांपैकी 100 तास हवेत काढणारे खाजगी विमान हे भरपूर उडणारे विमान म्हणून गणले जाते. उरलेला सारा काळ ते हँगरात उभे असते, आणि त्या काळात त्याच्या पोटात काय घडते, त्यावर कोणाची नजर असते व मालकाचा पैसा कोणत्या क्रमाने खर्ची पडतो, हाच माझ्या आजच्या कैफियतीचा विषय आहे.

वर्षातून एकदा विमान ॲन्युअलसाठी, म्हणजे वार्षिक तपासणीसाठी, मेकॅनिकच्या स्वाधीन केले, बिलाचा आकडा पाहून सुस्कारा टाकला, लॉगबुकात सही-शिक्का झाला, की आपली जबाबदारी संपली, असा समज आपल्या मंडळींत रूढ आहे. कायद्याला तो मान्य नाही. अमेरिकन विमान नियमावलीचा 91वा भाग विमान उड्डाणयोग्य राखण्याची प्राथमिक जबाबदारी मालकावर किंवा विमान चालविणाऱ्यावर टाकतो. मेकॅनिक उत्तरदायी असतो तो त्याने केलेल्या कामापुरता आणि केलेल्या तपासणीपुरता. सक्तीचे दुरुस्ती-आदेश कोणते लागू आहेत, ते केव्हा अंमलात आणले, पुन्हा केव्हा आणावयाचे आहेत, याचे दफ्तर जो मालक स्वतः वाचत नाही, त्याच्याकडे विमानाची किल्ली आहे, पण विमानाचा ताबा त्याच्याकडे आहे असे म्हणणे मला कठीण वाटते.

जे. आर. डी. टाटा यांनी 1932च्या ऑक्टोबरात कराचीहून जुहूला टपाल आणले त्या उड्डाणाची पन्नाशी 1982 साली साजरी झाली, तेव्हा वयाच्या 78व्या वर्षी त्यांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा एकट्याने आक्रमिला. वृद्ध वैमानिकाच्या धैर्याचे कौतुक झाले आणि ते उचितच होते; पण 1930च्या दशकातले, लाकूड आणि ताणलेले कापड यांचे ते यंत्र इतका प्रवास करू शकेल अशा अवस्थेत ज्या कारागिरांनी आणून ठेवले, त्यांची नावे आपल्यापैकी कोणास सांगता येतील? डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली बंगळुरात घडलेले आणि 1958 साली प्रथम उडालेले ‘पुष्पक’ आपल्याकडील फ्लाइंग क्लबांतून वर्षानुवर्षे शिकाऊ हातांचे धक्के सोसत राहिले, तेही अशाच अनाम हातांच्या जोरावर.

आता आपल्या यंत्रांकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांकडे सेसना 172 आहे, आणि ते स्वाभाविक आहे, कारण 1955 साली प्रथम उडालेल्या या विमानाच्या 44,000हून अधिक प्रती निघाल्या. एवढ्या प्रती जगात दुसऱ्या कोणत्याही विमानाच्या निघालेल्या नाहीत. परंतु 1986 ते 1996 या काळात, नुकसानभरपाईच्या दाव्यांना कंटाळून, कंपनीने त्याचे उत्पादनच बंद ठेवले होते. उत्पादकाचे दायित्व 18 वर्षांपुरते मर्यादित करणारा कायदा 1994 साली झाला, त्यानंतर ते पुन्हा सुरू झाले. परिणामी बाजारात आपल्या ऐपतीचे जे विमान मिळते ते बहुधा त्या खंडापूर्वीचे, म्हणजे मालकाहून फारसे तरुण नसलेले असते.

अशा विमानाचा मोठा शत्रू हवेत नसून विश्रांतीत आहे. अशा पुष्कळ विमानांत असणाऱ्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या वर बसविलेला असतो. इंजिन थांबले की तेल हळूहळू खाली निथळते, वरचा धातू उघडा पडतो, आणि दमट हवेतील पाण्याचा अंश त्यावर गंजाचे सूक्ष्म खड्डे पाडतो, जे पुढे कॅमचे उंचवटे झिजवून तेलात धातूचा भुगा सोडतात. इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी दोन हजार तासांची अथवा बारा वर्षांची जी मुदत उत्पादक सुचवतो, ती खाजगी मालकावर बंधनकारक नाही. नित्य उडणारे इंजिन ती सहज ओलांडते, न उडणारे निम्म्यावर मान टाकते. काही सज्जन यावर उपाय म्हणून रविवारी हँगरासमोर इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करतात. हा उपाय रोगाहून वाईट आहे, कारण तेलाचे तापमान सुमारे 165 अंश फॅरनहाइटपर्यंत चढून काही वेळ तेथे टिकल्याखेरीज त्यातील ओल उडून जात नाही, आणि ज्वलनातून उत्पन्न झालेली नवी ओल मात्र आत जमा होते.

ॲन्युअलच्या वेळी मालकाने हजर राहावे असा माझा आग्रह आहे, आणि विशेषतः कॉम्प्रेशनची चाचणी तरी त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावी. सिलिंडरात 80 पौंडांच्या दाबाने हवा सोडतात आणि त्यातली किती टिकते ते दुसऱ्या घड्याळावर पाहतात. 72 आले तर सर्वांच्या चेहऱ्यावर समाधान, 60 आले तर शांतता. त्या शांततेतच ऐकण्याजोगे असते: एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे, कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनटेक, आणि तेल भरण्याच्या तोंडाशी कान नेल्यावर ऐकू आली तर हवा पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते आहे. तसेच जुना ऑईल फिल्टर कापून, त्याच्या कागदी घड्या उलगडून, उजेडात धरून पाहाव्यात आणि त्यावरून चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटते ते पोलाद. पाच मिनिटांच्या या कामातून जे कळते ते कोणत्याही चकचकीत पडद्यावर दिसत नाही.

पण एखादा आकडा कमी आला म्हणून ताबडतोब सिलिंडर उतरविण्याचा हुकूम सोडू नये. थोडे उडून पुन्हा मोजावे, बोरोस्कोपने व्हॉल्व्हचा चेहरा पाहावा, मग ठरवावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये, पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या विमानांच्या देखभालीची रुजुवात सी. एच. वॉडिंग्टन या मूळच्या जीवशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी केली, तेव्हा असे आढळले की ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीच्या लगेच नंतर आकस्मिक बिघाड वाढत आणि पुढे उड्डाणे होत जात तसतसे ते कमी होत. म्हणजे जे सुस्थितीत होते त्याला हात लावल्यानेच काही बिघडत होते. म्हणून ॲन्युअलनंतरचे पहिले उड्डाण दिवसाउजेडी, कुटुंबाला जमिनीवर ठेवून, विमानतळाच्या माथ्यावरच करावे.

आता सुधारणांविषयी, ज्यांविषयी ऐकण्यास आपण अधिक उत्सुक आहात याची मला जाणीव आहे. 1 जानेवारी 2020पासून बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत विमानाचे स्थान आपोआप कळविणारे एडीएस-बी हे उपकरण सक्तीचे झाले, आणि त्या निमित्ताने पॅनेल उघडलेच आहे तर आणखी काही बसवून घेऊ, या न्यायाने पुष्कळांचा जमाखर्च कोलमडला. व्हॅक्यूम पंपावर चालणारी जुनी जायरो यंत्रे काढून विजेवर चालणारी बसविणे हे मी शहाणपणाचे मानतो, कारण तो कोरडा पंप पूर्वसूचना न देता मोडतो, आणि तो ढगात मोडला तर क्षितिज खोटे बोलू लागते. परंतु पॅनेलच्या पाठीमागे एकवार विजेरी घेऊन डोकवा: जुन्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाडेकरूंनी ओढलेल्या तारांप्रमाणे, केव्हाच काढून टाकलेल्या रेडिओंच्या निर्जीव वायरी तेथे गुंतून पडलेल्या असतात. नवा पडदा बसविणाऱ्याकडून आधी त्या काढून घ्याव्यात, वजन व समतोलाचा तक्ता नव्याने करवून घ्यावा, आणि मगच पडद्याच्या तेजाकडे पाहावे. माझ्या मते मालकाचा पैसा प्रथम सिलिंडर, इंधनाच्या नळ्या, नियंत्रणाचे केबल आणि टायर यांना मिळावा. काचेचा नंबर त्यानंतर. विक्रीच्या जाहिरातीत हा क्रम नेमका उलटा असतो.

दुपारच्या सत्रात शिसेविरहित इंधनाचा प्रश्न चर्चेस येणार आहे. निळ्या रंगाच्या 100एलएल या शिसेयुक्त इंधनाचे दिवस मोजके उरले आहेत: शंभर ऑक्टेनच्या एका शिसेविरहित इंधनाला 2022 साली पूरक प्रमाणपत्र मिळाले, देशभरातून शिसे काढून टाकण्याचे उद्दिष्ट 2030 अखेरचे आहे, आणि कॅलिफोर्नियात 2031पासून शिसेयुक्त इंधनाच्या विक्रीस कायद्याने मनाई होईल. नव्या इंधनाने रंगाला व टाकीतील सीलंटला इजा झाल्याच्या तक्रारी काही मालकांनी केल्या आहेत. त्या किती खऱ्या, यावर मत देण्यापूर्वी आपल्या टाकीत रबरी पिशवी आहे की सीलंट, तो कोणता आणि कोणत्या साली भरला, हे आपापल्या लॉगबुकात जेवणाच्या सुट्टीत शोधावे. ज्यांना ते सापडणार नाही, त्यांच्यासाठी पहिली रांग राखून ठेवण्याची विनंती मी चिटणीसांना केली आहे.